भाचीची खुशाली

४ जून

तुला,

प्रिय वगैरे लिहिणार नाही. तुझे भावोजी पेन हातात घेऊन बसलेत. पत्राला मायना हवाच म्हणून ते अडून बसले होते, म्हणून 'तुला' एवढं दिलं. अक्षर त्यांचं, शब्द माझे. मला सध्या लिहायला सवड नाही. तू बरी आहेस का हेही विचारत नाही, ते पेपरात छापून येतं. बक्षीस घेतानाचा फोटो पाहिला. केस कापलेस ते शोभत नाहीत.

कामाचं बोलते. आमच्याकडे येऊन भाचीचा जो आवाज भरून नेलास तो मला हवाय. मूळचा. त्याच्यावर तू जे चढवलंस ते नको, ते इथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यावर वाजतं. आता सगळं पहिल्यापासून सांगते. तुला माहीत आहे तेही सांगते, कारण हे पत्र कदाचित चौकशी समितीला दाखवावं लागेल. तुझे भावोजी म्हणतात, मग शिव्या तरी काढून टाक. नाही काढत.

भाची म्हणजे आमच्या प्राणिसंग्रहालयातली वाघीण. नाव तूच ठेवलंस. मांजर वाघाची मावशी, मग ही कुणाची तरी भाची असणारच, असं म्हणालीस आणि स्वतःच खिदळलीस. तिला दूध पाजून वाढवली मी, आणि नाव ठेवून मोकळी झालीस तू. आपल्या घरात कामाची वाटणी आधीपासून अशीच आहे.

वाघ ओळखीच्या माणसाला बघतो तेव्हा तोंड मिटून नाकातून हवा सोडतो. फुर्र, फुर्र, थोडी ओलसर, गालाला लागेल अशी. आम्ही पिंजऱ्यावरची माणसं त्याला खुशाली म्हणतो. सकाळी अडसर काढायच्या आधी तिनं खुशाली विचारायची आणि आपणही ओठ सैल सोडून तशीच परत द्यायची. ती दिल्याशिवाय पुढचं काम नाही. नव्या माणसाच्या हातात झाडू देण्याआधी आम्ही हे शिकवतो. तुलाही शिकवलं होतं, तेव्हा तुझ्या तोंडून नुसती थुंकी उडाली होती.

तू आवाज बसवलेल्या त्या फिल्ममध्ये भाची गजांजवळ येते, डोकं घासते. तोंड मिटलेलं आहे, डोळे अर्धे मिटलेले आहेत. म्हणजे खुशाली विचारतेय. आणि आवाज काय येतो? गुरगुर! अशी की खुर्चीतला माणूस मागे सरकेल. पुढं कॅमेरा वळतो आणि वर एक डरकाळी. भाचीनं जन्मात अशी डरकाळी फोडलेली नाही. शेवटी पडद्यावर ऐटीत लिहिलंयस, 'सर्व आवाज प्रत्यक्ष जागेवर टिपलेले.' खोटारडी. लिहा हो, खोटारडी. थांबता कशाला?

आमच्या साहेबांना तो आवाज इतका आवडला की त्यांनी भाचीच्या आवारावर पेटी बसवली. बटण दाबा, वाघिणीचा आवाज ऐका. वर भोंगा, आणि भोंग्याचं तोंड आतल्या बाजूला. पेटी चालू झाली त्याच सकाळी कामावरची एक बाई बाजूच्या फाटकाशी उभी राहून भाचीची मान खाजवत होती. गजांतून हात घालणं नियमात बसत नाही, ते मला माहीत आहे, तू सांगू नकोस. भाची खुशाली देत होती. कुणीतरी बटण दाबलं. तिच्या डोक्यावर एक परका नर गुरगुरला. तिनं दुसरा मोठा वाघ कधी पाहिलेलासुद्धा नाही. दचकली, आणि तोंडापाशी जे होतं ते धरलं. बाईचा हात होता. तिनं लगेच सोडला. हे दोनदा लिहा. लगेच सोडला.

समितीचं म्हणणं असं, की पेटीतला आवाज तिचाच आहे, फिल्ममध्ये तसं लिहिलंय. स्वतःच्या आवाजाला कुणी दचकतं का? म्हणजे वाघीण बिथरलेली आहे. आणि बिथरलेल्या जनावराला झोपवतात. झोपवतात म्हणे! मारणार म्हणायला यांची जीभ वळत नाही.

तेव्हा मूळ आवाज पाठव. आणि लिहून दे की पेटीतला आवाज भाचीचा नाही, तू बाहेरून आणून बसवलास. उपकार म्हणून नको. तू केलंस ते तूच निस्तर.

तुझी कोण, ते तुला माहीत आहे.

ता. क. ती पाणी प्यायला उठली आहे म्हणून घाईत लिहितो. 'एक बाई' म्हणजे हीच. उजव्या हाताची दोन बोटं गेली, तिसरं वाकत नाही. तुला कळवायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. उत्तर लवकर पाठव. — भावोजी


१७ जून

'ताई, हात कसा आहे?' म्हणून पत्राला सुरुवात केलीस, तिथंच कळलं की घरात फितुरी झाली. तुझे भावोजी आता खिडकीबाहेर बघतायत. (बघत नाही, लिहितोय.) त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शर्टाची बटणं लावायला कुणीतरी लागलं, म्हणून बोलले.

हात हाताच्या जागी आहे. त्याची चौकशी तू करायची नाहीस.

तुझं बाकीचं पत्र वाचलं. मोठ्यानं वाचायला लावलं यांना, म्हणजे त्यांनाही कळावं की त्यांची लाडकी मेहुणी काय चीज आहे. 'ताई, मूळ आवाज काही लोकांना ऐकवून पाहिला. सगळे हसले. वाघाला सर्दी झालीय का म्हणाले. घोडा आहे का म्हणाले. लोकांना वाघाकडून जे ऐकायचं असतं ते द्यावं लागतं. आमच्या धंद्यात सगळेच करतात.' मग करा की! तुम्ही सगळ्यांनी मिळून काय वाटेल ते करा. पण मिटल्या तोंडाच्या जनावरावर गुरगुर बसवताना तुझ्या हाताला काहीच झालं नाही? तोंड मिटून गुरगुरणं आपल्या घराण्यात फक्त आत्याला जमायचं. तू तिच्या पुढं गेलीस.

आणि हा तुझा शहाणपणा बघ. 'निवेदनात लिहू तरी काय, या आवाजाला धड शब्दच नाही.' डरकाळीला आहे, गुरगुरण्याला आहे, गर्जनेला आहे. वाघ चिडला तर शब्दांची रांग लागते आणि वाघ बरा बोलला तर म्हणे शब्द नाही! आमच्याकडे ये आणि ऐक. सिंहांवरचा पैलवान आठवतो ना, दारातून आडवा शिरणारा? त्याचा सिंह जवळ येताना फफ, फफ असं हळूच तोंडातून सोडतो. पैलवान त्याला धाप म्हणतो. 'आज धाप दिली नाही हो, पोट बिघडलंय वाटतं,' असं सांगत सगळीकडे फिरतो. चित्ता तर सरळ मांजरासारखा घुरघुरतो, कठड्याला हात लावला तरी कळतं. त्याच्या मादीनं पिल्लांना हाक मारली की नवा माणूस झाडावर पाखरू शोधत बसतो. वाघाला घुरघुरता येत नाही. गळ्यात तशी सोयच नाही. म्हणून तो नाकानं सांगतो. तेवढं एकच मायेचं बोलणं आहे त्याच्याकडे, आणि तू नेमकं तेच पुसलंस.

'खुशाली' असं लिही. समितीला कळलं नाही तर मी कळवीन.

बक्षीस परत करावं लागेल, पुढची कामं जातील, असंही लिहिलंयस. सगळ्या पत्रात एवढं मात्र खरं लिहिलंस. जातील. मी काय करू? टाळ्या वाजवून तुझी समजूत काढली असती, पण आता वाजत नाहीत.

(हे तिनं हसत सांगितलं. मला लिहवत नव्हतं. — भावोजी)

भाचीचं विचारलंस म्हणून सांगते. साहेबांनी पेटी बंद केलेली नाही. उलट हात तोडणारी वाघीण म्हणून रांग लागते. बाप पोरांना उचलून बटण दाबायला लावतात. भाची मागच्या खोलीतून बाहेरच येत नाही. बाहेर तिच्या मते एक दांडगा नर बसलाय, तो दिसत नाही आणि जातही नाही. मांस आत ढकललं तर थोडं खाते. अंग उतरलंय. मी रोज जाते तिच्याकडे. मी आहे म्हणून तग धरून आहे.

निवेदन पाठव. माझी विचारपूस पाठवू नकोस.


२९ जून

उत्तर नाही. ठीक आहे. तुझ्याकडून दुसरी अपेक्षा कुणाला होती?

काल समिती बसली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर पडदा. मधे चष्मेवाले अध्यक्ष, एका बाजूला साहेब, एका बाजूला आमचे डॉक्टर. डॉक्टर चांगला माणूस आहे पण इंजेक्शन त्यालाच द्यायचंय, म्हणून खाली मान घालून बसला होता. पैलवान माझ्यासोबत आला होता. त्याला खुर्ची पुरेना, उभाच राहिला.

तुझी फिल्म लावली. भाची येते, डोकं घासते, गुरगुर. अध्यक्ष म्हणाले, 'बघा, ती आधीपासूनच आक्रमक आहे.' मी म्हटलं, 'अध्यक्षसाहेब, हा आवाज तिचा नाही.' ते म्हणाले, 'पडद्यावर लिहिलंय. शिवाय या आवाजाला बक्षीस मिळालंय. तज्ज्ञांनी तपासूनच दिलं असेल ना?' मी म्हटलं, 'ती आवाज बसवणारी माझी सख्खी बहीण आहे आणि ती लहानपणापासून थापाडी आहे.' साहेबांनी कपाळाला हात लावला. अध्यक्षांनी विचारलं, 'मग तुमच्या बहिणीचं निवेदन कुठे आहे?' काय सांगणार होते मी? येतंय म्हणाले. तुझ्यासाठी खोटं बोलले, तेही समितीपुढे.

मग म्हणाले, तुमच्या म्हणण्याप्रमाणे खरा आवाज कसा असतो? मी उभी राहिले आणि करून दाखवला. ओठ सैल सोडले, नाकातून हवा सोडली. फुर्र. भरल्या सभेत, या वयात. टेबलाच्या टोकाला एक बाई टिपणं घेत होत्या, त्यांना हसू आवरेना. मग साहेब हसले. अध्यक्षांच्या कागदावर एक थेंब उडाला, तो त्यांनी रुमालानं टिपला. डॉक्टर तेवढा हसला नाही. तू लिहिलं होतंस ना लोक हसले म्हणून? बरोबर आहे तुझं, हसतात.

अध्यक्ष म्हणाले, 'चला, आत्ताच जाऊन बघू. पेटी बंद ठेवू आणि तुम्ही जाळीपाशी उभ्या राहा. ती तुम्हाला तरी उत्तर देते का ते कळेल.' मी म्हटलं, आज नको, आज हात ठणकतोय. तो खरंच ठणकत होता. पैलवान माझ्याकडे बघत राहिला.

मग काय, लिहून घेतलं त्यांनी. पुढची बैठक २१ जुलैला आहे. तोवर नवं काही समोर आलं नाही तर त्याच दिवशी सही होणार. डॉक्टरला औषध मागवून ठेवायला सांगितलंय.

तुझ्या त्या बक्षिसाचं वजन किती असतं गं? हातात धरलेलं दिसलं फोटोत. काचेचं आहे की पितळेचं? त्याच्याकडे बघून जेवण जातं का तुला?

(ताईला रात्री झोप लागत नाही. तू काहीतरी लिही. वाईट लिहिलंस तरी चालेल. — भावोजी)


८ जुलै

आवाज पोचला. यांच्या फोनवर आला. सोबत एक ओळ नाही. बरं केलंस.

जेवणाच्या टेबलावर फोन उभा करून आम्ही दोघं ऐकायला बसलो. आधी अडसराचा खडखडाट. मग माझी खुशाली. मग भाचीची, अगदी जवळून, तुझ्या त्या केसाळ माईकवर नाक टेकवल्यासारखी. तुझे भावोजी म्हणाले, 'अरे वा, हीच ती!' इतकी वर्षं माझ्याशी संसार केला आणि यांनी ती कधी धड ऐकलीच नव्हती.

तेवढंच असतं तर बरं होतं. पुढं तू आहेस. 'ताई, मला शिकव ना.' मग मी, 'तोंड मीट. गाल सोड. अगं, शिट्टी नाही मारायची!' मग तुझी ती थुंकी. मग आपण दोघी हसतोय. आणि आपल्या हसण्यातच भाची तुला उत्तर देते. तू इतकी गचाळ केली होतीस तरी देते. मी म्हणते, 'बघ, तुला घेतलं तिनं.' हे माझ्या लक्षातही नव्हतं.

मी बंद करायला सांगितलं. यांनी पुन्हा लावलं. मी उठून आत गेले.

हे तुझ्याजवळ होतं. कापून टाकलं नव्हतंस, जपून ठेवलं होतंस आणि तरीही तिच्यावर ती गुरगुर चढवलीस. तुला माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती. तुला माहीत होतं. तिनं तुला घेतलं होतं. मला तुझा आता जास्त राग येतो, कमी नाही.

फाइल साहेबांच्या हाती दिली. त्यांनी अध्यक्षांना फोनवरून ऐकवली. अध्यक्ष म्हणाले, आवाज आहे, कुणीही कुठूनही जोडून आणेल. एकदा ज्यांनी बसवला ते दुसऱ्यांदा बसवणार नाहीत कशावरून? आहे उत्तर? तुझ्या धंद्याची अब्रू ही एवढी आहे. आता कागद चालणार नाही, फाइल चालणार नाही. तू स्वतः ये. २१ तारखेला, सकाळी. त्यांच्यासमोर उभी राहून सांग की मी खोटं बोलले.

आलीस तर आमच्याकडे उतरायचं नाही. स्टेशनजवळ लॉज आहेत. नाही आलीस तर ही फाइल तुझ्या त्या बक्षीसवाल्यांना पाठवीन आणि

(यापुढचं वाक्य मी लिहिणार नाही. तिनं तीनदा सांगितलं, मी तीनदा नाही म्हटलं. पेन माझ्या हातात आहे. तू ये, एवढंच. लॉजचं मनावर घेऊ नकोस, गादी घालून ठेवतो. — भावोजी)


२१ जुलै

हे मी माझ्या डाव्या हातानं लिहितेय. अक्षर कोंबडीनं पाय ओढल्यासारखं आहे. लागेल ते वाच, उरेल ते सोड. यांना सांगून लिहवण्यासारखं नाही, म्हणून.

तू आलीस. मला वाटलं नव्हतं. पायऱ्यांवर माझ्यासमोरून गेलीस, मी वळून बघितलं नाही. वाळली आहेस. आत जाऊन सरळ बोललीस. 'पेटीतला आवाज या वाघिणीचा नाही. तो एका नराचा आहे, दुसरीकडून आणला आणि मी बसवला.' अध्यक्षांनी विचारलं, मग सर्व आवाज खरे असं का लिहिलंत? तू म्हणालीस, 'बक्षिसासाठी.' मला वाटलं होतं रडशील, काहीतरी कारणं देशील. दिली नाहीस. माझ्याकडे बघितलंही नाहीस. ते बरं झालं, कारण मला चेहरा नीट ठेवता येत नव्हता.

तरी अध्यक्ष म्हणालेच, की बाई, तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा? तेव्हा तू म्हणालीस, 'माझ्यावर ठेवू नका. तिला विचारा.' आणि 'माझा फोन भोंग्याला जोडून द्या,' म्हणालीस. हे डोकं तुझं. मला सुचलं नसतं.

सगळे भाचीच्या आवाराकडे निघाले. मी किल्ल्या घेऊन येते असं सांगितलं आणि खाद्यघरात शिरले. किल्ल्या माझ्या कमरेलाच होत्या. दाराला वरच्या बाजूला जाळी आहे, तिथून सगळं दिसतं.

आधी तुम्ही ती गुरगुर लावलीत. मागच्या खोलीत काहीतरी धाडकन आपटलं. डॉक्टर म्हणाला, 'भिंतीला चिकटलीय. थरथरतेय.' मग भोंग्यातून अडसराचा खडखडाट आला, आणि माझी खुशाली.

माझी म्हणजे तेव्हाची. दोन्ही हात धड होते तेव्हाची. काय निर्धास्त करायचे गं मी! गालभर.

ती आली. तुम्ही समोरून पाहिलंत, मी बाजूनं पाहिलं. आधी डोकं, मग खांदे. पोट पार आत गेलंय. पेटी लागल्यापासून उन्हात आली नव्हती, डोळे मिचकावत आली. आणि तिनं उत्तर दिलं. एकदा नाही, देतच राहिली. भोंग्याखाली गेली, वर बघितलं. तिथं मी नाही. मग जाळीच्या कडेकडेनं फिरली, एकेकाच्या तोंडाकडे बघत. मग बाजूच्या फाटकाशी गेली, मी उभी राहायचे तिथं, आणि गजाला गाल लावून उभी राहिली. फुर्र, फुर्र. कुणी हसलं नाही. ती टिपणं घेणारी बाईसुद्धा नाही.

अध्यक्षांनी विचारलं, 'कुणाला शोधतेय?' पैलवान म्हणाला, 'बाईंना.'

तू हाक मारलीस. 'ताई! ताई, ये ना!' ऐकली मी. दाराची कडी माझ्या हातात होती, डाव्या. मी आले नाही. सगळ्यांना वाटलं, तुझ्यावरच्या रागानं आले नाही. तुलाही तेच वाटलं असणार, म्हणून न भेटता मागच्या फाटकानं निघून गेलीस. यांनी घातलेली गादी तशीच आहे.

रागानं नाही गं.

त्या सकाळपासून मी एकदाही तिच्यापर्यंत गेलेले नाही. रोज जाते असं मी यांच्याकडून लिहवलं, ते खोटं. रोज जाते ती खाद्यघरापर्यंत. डाव्या हातानं मांस कापते, बादली भरते, आणि बादली पैलवान नेतो. त्याला मी कधी काही सांगितलं नाही आणि त्यानं कधी विचारलं नाही. तिथून वळण घेतलं की तिचा वास येतो आणि मी मागे फिरते. मी. जिनं तिला मांडीवर झोपवलं. न्हाणीघरात दार लावून खुशाली करून बघते, तिथं नीट येते. वळणापाशी ओठ कोरडे पडतात, आवाजच फुटत नाही. सगळ्यांना सांगत सुटले की ती घाबरलीय. ती तर आज बाहेर आली.

तिला सोडलं समितीनं. भोंगा दुपारीच उतरवला. साहेब मला म्हणाले, अभिनंदन. पैलवान आत्ता सांगून गेला, ती अजून फाटकाशीच बसलीय. मांस समोर ठेवलं तर हुंगून पुन्हा फाटकाकडे तोंड करते. त्यानं स्वतः खुशाली करून पाहिली. त्याच्याकडे बघितलं तिनं आणि मान वळवली.

तू परत ये. सकाळी ये, लोकांना सोडायच्या आधी. यांना सांगायचं नाही, ते उगाच काळजी करतील. खाद्यघराच्या दारापासून फाटकापर्यंत माझ्या बाजूनं चालायचं. उजव्या बाजूनं. बोलायचं नाही, धीर द्यायचा नाही, काही रेकॉर्ड करायचं नाही. माझ्या तोंडून नाही निघाली तर पहिली खुशाली तू दे. तुला ती घेते.

तुझ्यावरचा राग आहे तसाच आहे, तो गेला असं समजून येऊ नकोस. मला एकटीला जाववत नाही.